घर आवरू नका

कडकताईला आठवड्यातले दोन दिवस हवे होते. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते दुपारी चार. तिनं कुणाकडे बंगला मागितला नव्हता की जगाची सफर मागितली नव्हती. पण हे बारा तास मिळवताना तिच्या असे काही नाकी नऊ आले की बंगला मागितला असता तर कदाचित आधी मिळाला असता.

कडकताई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. चौतीस वर्षं तिनं एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर काम केलं. तिच्या हाताखालून गेलेली कॉलर आठ दिवस मान टाकत नाही, असं लाँड्रीचे मालक म्हणायचे. स्वभावाचंही तसंच असल्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. तिलाही ते आवडायचं.

नवरासुद्धा लाँड्रीतच भेटला. स्टेशनाजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर तो मॅनेजर होता आणि लॉजच्या चादरी धुवायला इथेच यायच्या. एकदा उशीच्या अभ्र्यावर डाग राहिला म्हणून तो तक्रार घेऊन आला. तक्रार इतक्या गोड शब्दांत केली की आपली तक्रार होते आहे हे कळायलाच कडकताईला दोन मिनिटं लागली. कळल्यावर तिनं त्याला असं काही झापलं की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर, या वेळी एकही डाग नसलेला अभ्रा घेऊन. ‘हा बघायला आणलाय, किती छान झालाय,’ म्हणाला. चार महिन्यांत लग्न झालं. लॉजमध्ये सगळे त्यांना मॅनेजरसाहेब म्हणत, म्हणून गल्लीतही ते मॅनेजरसाहेबच झाले.

सहा वर्षांपूर्वी मॅनेजरसाहेबांनी एकाच दिवशी एकच खोली तीन पाहुण्यांना दिली. गडबडीत झालं असेल, असं मालकाला वाटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी किल्ल्यांचा अख्खा जुडगा पाण्याच्या टाकीत नेऊन ठेवला, सुरक्षित राहावा म्हणून. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या आणि स्मृतिभ्रंश हा शब्द घरात आला. कडकताईनं लाँड्री सोडली. तिला कुणी सोड म्हटलं नाही आणि सोडू नकोस असंही म्हटलं नाही. घरात कुणीतरी थांबायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे कोण, हे अशा वेळी कुणी विचारतच नाही. मुलगी दूरच्या शहरात होती आणि तिच्या कडेवर तान्हं मूल होतं.

आता मॅनेजरसाहेबांच्या लेखी हे दोन खोल्यांचं घर म्हणजेच लॉज. छत्तीस वर्षं बायकोला ‘अगं’ म्हणणारा माणूस तिला ‘अहो बाई’ म्हणू लागला. लॉजवर कामाला असलेली एक विश्वासू बाई, एवढीच तिची ओळख उरली. ‘बढती झाली म्हणायची माझी,’ असं ती मुलीला फोनवर म्हणाली आणि हसली. फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडली. ऐकायला कुणी नसताना नळ कशाला सोडला, हे तिचं तिलाच नंतर कळेना.

पण रडून दिवस निघत नाहीत. कडकताईनं हळूहळू सगळ्या खुब्या शोधून काढल्या. साहेब सकाळी विचारत, ‘आज किती खोल्या रिकाम्या?’ याचं बरोबर उत्तर होतं तीन. ‘एकही नाही’ म्हटलं तर येणाऱ्या पाहुण्यांना कुठं घालायचं या काळजीनं ते दारात उभे राहत. ‘सगळ्या’ म्हटलं तर धंदा बसला म्हणून जेवत नसत. कपडे ओले झाले तर ‘ओले’ हा शब्द काढायचा नाही. ‘लाँड्रीवाला खाली उभा आहे’ म्हणायचं, की साहेब आपणहून पायजमा उतरवून हातात देत. आंघोळीला नेताना पुढं चालायचं, मागून ढकलायचं नाही. असल्या पन्नास गोष्टी तिच्या डोक्यात होत्या आणि त्यांतली एकही कुठं लिहिलेली नव्हती.

लोक कौतुक करायचे, यात शंका नाही. ‘तुझ्यासारखी तूच.’ ‘दुसरी असती तर पळाली असती.’ ‘केवढं पुण्य लागेल तुला!’ आता हे जे पुण्य आहे, ते इतकं चांगलं असेल तर अर्धा दिवस का होईना, आपल्या वाट्याला यावं असं बोलणाऱ्यांपैकी कुणालाच वाटत नसे. तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि आपण खालून पिशवी उचलून घरी जायचं, अशी सगळ्यांची रीत. यात सर्वांत पुढे होती तिची धाकटी नणंद. वन्सं दर रविवारी अकराला येत आणि बाराला जात. अकराच्या आत कडकताई साहेबांची दाढी करी, इस्त्रीचा शर्ट घाली, भांग पाडी. बहीण आली की साहेब ‘या, या, प्रवास कसा झाला?’ म्हणून तिचं स्वागत करत. वन्सं गहिवरून म्हणत, ‘वहिनी, दादा किती छान आहे हो! उगाच काळजी करता तुम्ही.’ शिवाय निघताना एखादा सल्ला देत, बदाम भिजवून द्या, कोडी सोडवायला द्या. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना कधी कष्ट पडले नाहीत.

मग एक दिवस कडकताईच्या हातून शर्ट जळला.

चौतीस वर्षांत तिनं एक रुमाल जाळला नव्हता. भर सकाळी, उभ्याउभ्या, इस्त्रीवर हात ठेवून तिला झोप लागली. जागी झाली ती मनगटाला चटका बसल्यावर. साहेबांच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचं भोक पडलं होतं. हात भाजल्यापेक्षा तिला शर्टाची लाज जास्त वाटली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मनगटाला पट्टी बांधताना विचारलं, ‘कसं काय चाललंय?’

‘भूक बरी आहे,’ कडकताई म्हणाली. ‘फक्त दुपारी जरा चिडतात.’

‘मी तुमचं विचारलं.’

‘हो, तेच सांगतेय. रात्री दोनदा उठतात.’

डॉक्टरीणबाईंनी पट्टीची गाठ मारली आणि तिच्याकडे पाहत राहिल्या. कडकताईला आधी कळेना, आणि कळल्यावर तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याला कसं वाटतं हे विचारल्यावर आपल्याकडे उत्तरच नाही, हे तिला एका परक्या बाईसमोर समजलं होतं. ‘मला काय धाड भरलीय!’ असं ती जोरात म्हणाली आणि मग तिथंच, औषधांच्या वासात, दहा मिनिटं नाक पुसत बसली.

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, विस्मरणाच्या रुग्णांसाठी जवळच एक डे केअर आहे, तिथं आठवड्यातून दोन दिवस जागा मिळू शकते. अर्ज केला की तिथून कुणीतरी घरी पाहणीला येतं आणि गरज आहे की नाही ते ठरवतं. दुसरं, दर गुरुवारी दवाखान्याच्या वरच्या खोलीत घरच्या रुग्णांना सांभाळणारे लोक जमतात, तिथं या. कडकताईनं अर्ज घेतला. गुरुवारचं मात्र कानाआड केलं. आठ लोकांनी जमून रडायला आपल्याकडे वेळ नाही, असं तिचं मत होतं.

पाहणीची तारीख ठरली आणि इथंच कडकताईनं स्वतःच्या हातानं पायावर धोंडा मारून घेतला. तिनं घर आवरलं.

आवरलं म्हणजे काय, दोन दिवस लढाई केली. पलंगावरचं रबरी कापड काढून माळ्यावर टाकलं. दारांना लावलेल्या जादा कड्यांवर पडदा ओढला. गॅसच्या नळीला बांधलेली दोरी सोडली. पडदे, चादरी, अभ्रे, टेबलावरचा कपडा, सगळं धुऊन इस्त्री केलं. साहेबांच्या पायजम्याला अशी घडी पाडली की तिच्या धारेनं भाजी चिरावी. परकी बाई घरात येणार आणि तिला वास यावा? कडकताईच्या घरात? ते शक्यच नव्हतं.

पाहणीवाल्या बाई आल्या. हातात कागद लावलेलं पॅड, चेहरा सज्जन. साहेब उठून उभे राहिले, हात पुढे केला. ‘या, या. प्रवास कसा झाला? सामान वर पाठवू?’ बाई हसल्या. विनोद वाटला त्यांना. पुढची पस्तीस मिनिटं साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, हवापाण्याबद्दल बोलले, खिडकी उघडू की नको विचारलं. बाईंनी वार विचारला तर म्हणाले, ‘आमच्याकडे सगळे वार सारखेच, पाहुणा येतो तो दिवस चांगला.’ काही अडलं की त्यांची नजर कडकताईकडे जाई आणि ती पटकन शब्द पुरवी, चष्मा हातात देई, प्याला जवळ सरकवी. बाई गेल्या. जिन्यावरची पावलं विरली तसे साहेब खुर्चीत कोसळले आणि संध्याकाळपर्यंत बोलले नाहीत.

आठ दिवसांनी पत्र आलं. रुग्णाची प्रकृती समाधानकारक. घर अत्यंत स्वच्छ. कुटुंबात उत्तम काळजी घेतली जाते. तूर्त जागेची गरज दिसत नाही.

कडकताईनं ते पत्र तीनदा वाचलं. मग त्या गुरुवारी ती साहेबांना घेऊन दवाखान्यात गेली, ती भांडायला. डॉक्टरीणबाई कामात होत्या. खालच्या नर्सबाईंनी साहेबांना काउंटरमागं उभं केलं. साहेब येणाऱ्या पेशंटांना प्रवास कसा झाला ते विचारू लागले आणि पेशंट खूश झाले. कडकताईला नर्सबाईंनी वरच्या खोलीकडे बोट दाखवलं.

वर सातआठ माणसं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसली होती. कुणी रडत नव्हतं. उलट मोठ्यानं हसत होती, आणि कशाला, तर एकीच्या भावानं दाताची कवळी शेजाऱ्याच्या मांजराला घातली होती म्हणून. कडकताई खुर्चीच्या कडेवर टेकली. कुणी विचारायच्या आत तिनं पत्र काढून मोठ्यानं वाचलं. ‘घर अत्यंत स्वच्छ’ या शब्दांवर सगळी खोली पुन्हा हसायला लागली.

‘यात हसण्यासारखं काय आहे?’ तिनं आवाज चढवला.

‘रागावू नका, ताई,’ कोपऱ्यातला एक बारीक माणूस म्हणाला. तो घड्याळं दुरुस्त करायचा आणि सात वर्षं आईला सांभाळत होता. ‘तुम्ही घर आवरलंत ना? आम्ही सगळ्यांनी आवरलं होतं. मी तर भिंतीला रंग दिला. आणि आमच्या मातोश्री! वर्षभरात सुई आणि चमचा यांतला फरक कळला नव्हता, पण पाहणीवाल्या बाईंसमोर पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवला.’

‘पण माणूस आला की घर आवरायचं नाही?’

‘पाहुणा आला तर आवरायचं. ही बाई पाहुणी नाही. आणि तुम्ही मध्येमध्ये शब्द पुरवत होतात की नाही, खरं सांगा.’

कडकताईनं पत्राची घडी घातली.

‘घड्याळ चालतंय असं दिसतं,’ घड्याळवाला म्हणाला, ‘कारण मागून काटे तुम्ही फिरवताय. हात काढा की एकदा.’

मग त्यांनी तिला विचारलं, तुमचं कसं चाललंय. या वेळी ती भुकेबद्दल बोलली नाही. ‘मला त्यांचा राग येतो,’ ती म्हणाली. ‘आजारी माणसाचा राग येतो मला. परवा त्यांनी चौदाव्यांदा खोल्या विचारल्या तेव्हा मी आत जाऊन उशीला बुक्के मारले. आणि कधीकधी वाटतं, की संपावं हे एकदाचं.’ हे ऐकून छत कोसळेल असं तिला वाटलं होतं. कुणी नुसती भुवईसुद्धा उचलली नाही. शेजारची बाई म्हणाली, ‘उशी बरी. मी ताट फोडायचे, मग मलाच झाडावं लागायचं.’ कडकताई हसली. सहा वर्षांत आपला आवाज असा येतो हे ती विसरली होती. त्यानंतर तिनं एकही गुरुवार चुकवला नाही.

पुन्हा पाहणी मागायला त्या लोकांनीच तिला पत्र लिहून दिलं. तीन आठवड्यांनी तारीख आली. या वेळीही जागा मिळाली नाही तर पुढचा अर्ज वर्षभर करता येणार नव्हता, आणि आणखी एक वर्ष आपण काढू शकणार नाही हे कडकताईला स्वच्छ कळलं होतं. आपण आधी पडलो तर साहेबांचं काय, हा विचार तिला भर दुपारी चालताना थांबवायचा.

त्या दिवशी सकाळी साडेनऊलाच वन्सं हजर. पाहणी आहे असं त्यांना मुलीकडून कळलं होतं. दारातूनच त्यांनी नाकाला रुमाल लावला. पलंगावर रबरी कापड होतं. बादलीत रात्रीच्या चादरी होत्या. दारांच्या कड्या, गॅसची दोरी, भिंतीवर साहेबांनी पेन्सिलीनं लिहिलेले खोल्यांचे आकडे, सगळं जसंच्या तसं होतं. साहेबांचा पायजमा चुरगळलेला होता.

‘अगबाई, वहिनी! अजून काहीच आवरलं नाहीत? द्या ती बादली इकडे.’

‘बादलीला हात लावायचा नाही.’

‘लोक काय म्हणतील? माझा दादा किती टापटीप माणूस होता. त्याला असा दाखवणार तुम्ही? परक्या बाईला?’

‘असाच आहे तो, वन्सं. तुम्ही येता त्या तासाला वेगळा असतो, कारण तो तास मी सकाळी पाचपासून शिवत बसते.’

वन्संच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘घरातली लाज अशी चव्हाट्यावर मांडायची का?’

‘लाज कसली? माझा नवरा आजारी आहे आणि मी दमलेय. यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते सांगा, लगेच आवरते.’

तेवढ्यात बेल वाजली. पाहणीवाल्या बाई त्याच होत्या, पॅडही तेच. साहेब चुरगळलेल्या पायजम्यातसुद्धा ताठ उभे राहिले. ‘या, या. प्रवास कसा झाला?’ तीस वर्षांची सवय, ती काय एका पायजम्यानं जाते? बाई हसल्या. खुर्ची दिली गेली, खिडकीचं विचारलं गेलं. वन्सं कौतुकानं पाहू लागल्या. कडकताईला दिसलं की गाडी पुन्हा त्याच रुळावरून चालली आहे. तिनं खुंटीवरची पिशवी काढली.

‘मी जरा बाहेर जाऊन येते.’

‘आत्ता?’ पाहणीवाल्या बाईंनी मान वर केली. ‘अहो, पण तुम्ही थांबायला हवं. माझ्याकडे अर्धाच तास आहे. मला यांची काही माहिती नाही.’

‘मलाही नव्हती. तुम्ही दोघी आहात, मी एकटी असते. पाऊण तासात येते. जोर लावून धरू नका त्यांना, आणि गॅसकडे लक्ष ठेवा.’

‘वहिनी!’ वन्सं ओरडल्या. ‘माझ्याच्यानं होणार नाही!’

‘माहीत आहे,’ कडकताई म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

रस्ता ओलांडून समोरच्या चपला शिवणाऱ्याच्या दुकानाबाहेर एक बाक होता. तिथं ती बसली. तिचा जीव टांगणीला लागला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. ते पडले तर? घाबरले तर? तीनदा ती उठली आणि तीनदा बसली. चपलावाला तिच्या पायांकडे पाहत होता, काही शिवायचंय का म्हणून. ‘काही नाही हो,’ ती म्हणाली, ‘आज मी नुसतीच बसलेय.’ खिडकी वर दिसत होती. खिडकीत आधी कुणी नव्हतं. मग साहेब दिसले, मग वन्सं, मग पाहणीवाल्या बाई, आणि मग तिघंही दिसेनासे झाले. पन्नास मिनिटं उलटली तेव्हा ती उठली. पाच मिनिटं तिनं जाणूनबुजून जास्त घेतली होती.

जिन्यात पोचताच वन्संचा आवाज आला. ‘दादा, अरे मी आहे! मी तुझी बहीण! हे लॉज नाही रे, हे घर आहे तुझं!’

नेमकं जे बोलायचं नाही तेच.

आत साहेब भिंतीला पाठ लावून उभे होते, ओल्या पायजम्यात, थरथरत, डोळ्यांतून पाणी गळत होतं. ‘मग पाहुणे कुठे गेले?’ ते पुन्हापुन्हा विचारत होते. ‘सगळे पाहुणे कुठे गेले?’ वन्संची पर्स चादरींच्या बादलीत होती, सुरक्षित ठेवलेली. वन्सं पलंगाच्या कोपऱ्यात बसून हुंदके देत होत्या. पायजमा बदल म्हणून त्यांनी तीनदा ओढला होता आणि तिसऱ्या वेळी साहेबांनी त्यांना ढकललं होतं. पाहणीवाल्या बाई एका हातानं साहेबांचा हात धरून आणि दुसरा हात गॅसच्या बटणावर ठेवून अवघडून उभ्या होत्या. पॅड जमिनीवर पडलं होतं.

कडकताईला त्या क्षणी फार वाईट वाटलं. आपण यांना असं रडू दिलं, एवढ्या एका जागेसाठी. ती पुढे झाली.

‘मॅनेजरसाहेब, तीन रिकाम्या आहेत.’

साहेबांचे खांदे खाली आले. ‘तीन? नक्की?’

‘नक्की. आणि लाँड्रीवाला खाली उभा आहे. कपडे द्या.’

साहेबांनी तिथल्या तिथं नाडीला हात घातला. दोघी बायकांनी माना फिरवल्या. आतल्या खोलीत कोरडा पायजमा चढवून झाल्यावर ते हळू आवाजात, पण बाहेर ऐकू जाईल असं म्हणाले, ‘अहो बाई, तुम्ही आलात ते बरं झालं. त्या दोघी नव्या दिसतात. त्यांना कामातलं ओ की ठो कळत नाही.’

‘शिकतील,’ कडकताई म्हणाली.

पाहणीवाल्या बाईंनी पॅड उचललं. त्यांचा अर्धा तास केव्हाच संपला होता. ‘हे सगळं मागच्या वेळी का नाही सांगितलंत?’

‘तुम्ही त्यांना विचारलंत. ते मॅनेजर आहेत, ते कधी तक्रार सांगायचे नाहीत. मला तुम्ही एकच प्रश्न विचारलात, बाथरूम कुठे आहे.’

बाई ओशाळल्या. खुर्ची ओढून कडकताईसमोर बसल्या. ‘आता तुम्हाला विचारते. काय हवंय?’

‘त्यांना जरा चार माणसांत बरं…’ कडकताईनं सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावर सोडून दिलं. ‘नाही. मला हवंय. मंगळवार आणि शुक्रवार मला हवेत. त्यांच्या भल्यासाठी म्हणून नाही, ते भलं तर मी रोज बघतेय. मी माणूस आहे आणि मला विसावा हवा, असं लिहा. याच शब्दांत लिहा.’

‘या रकान्यात सहसा असं कुणी लिहीत नाही.’

‘मग माझ्यापासून सुरू करा.’

बाईंनी लिहिलं. कडकताईनं पॅड उलटं करून स्वतः वाचून पाहिलं. वन्सं पलंगावरून उठल्या, बादलीतून पर्स काढली आणि कितीतरी वेळ ती हातात धरून उभ्या राहिल्या. ‘वहिनी,’ त्या म्हणाल्या, ‘रोज असं असतं?’

‘नाही. आज बरा दिवस आहे.’

तीन आठवड्यांनी जागा मिळाली. पहिल्या मंगळवारी साहेबांनी डे केअरच्या दारात उभं राहून इमारत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. ‘जागा मोठी आहे,’ म्हणाले, ‘पण काउंटरवर कुणी नाही.’ तिथल्या मावशींनी एक टेबल आणि घंटी दाखवली. साहेब टेबलामागं जाऊन उभे राहिले. कडकताई निघाली तेव्हा त्यांनी वळूनही पाहिलं नाही. रस्ताभर तिला ते लागलं, आणि त्याच वेळी पावलं कधी नव्हे इतकी हलकी पडत होती. दोन्ही खरं होतं.

साडेदहाला ती घरी पोचली. अकराला फोन वाजला. वन्सं होत्या. त्या दिवसापासून त्या रविवारचा तास सोडून बुधवारची अख्खी दुपार येऊ लागल्या होत्या, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. ओरडा खाऊन का होईना, तीनचा आकडाही शिकल्या होत्या.

‘दादा राहिला ना नीट?’

‘राहिला.’

‘बरं झालं बाई. आता तुम्हालाही हात मोकळा झाला. वहिनी, मी काय म्हणते, चार वाजेपर्यंत वेळ आहे तर माळा काढून घ्या. आणि दादाचे स्वेटरही धुऊन टाका एकदाचे. काय करताय आत्ता?’

‘काही नाही.’

‘म्हणजे? काहीतरी करत असालच की.’

‘नाही, वन्सं. खुर्चीत बसलेय आणि पाय टेबलावर आहेत.’

वन्संनी आवाज खाली आणला. ‘बरं वाटत नाहीये का?’

‘बरं वाटतंय,’ कडकताई म्हणाली. ‘म्हणूनच बसलेय. शुक्रवारीही हेच करणार आहे, तेव्हा फोन करू नका.’